एका वेळी एकच, की तीन-चार उघडी?

वहिनीने परवा विचारलं, "न वाचलेली चाळीस पुस्तकं साठलीत. एकेक करून संपवू, की हाताला लागेल ते वाचू?" अशा साठवणीला जपानीत 'त्सुंदोकु' म्हणतात, म्हणजे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. मी दोन्ही करून पाहिलंय.

वेग: रोज २० पानं धरली तर ३०० पानी पुस्तक १५ दिवसांत, वर्षाला २४. हे झालं कागदावर. घरात कुणाला ताप आला की आठवडा गेलाच. तीन-चार उघडी ठेवली तर महिना-दीड महिना एकही संपत नाही, हे मनाला लागतं.

धागा: खरा फरक इथे. कादंबरी चार दिवस बाजूला पडली की कोण कुणाचा मेहुणा हे शोधत मागे जावं लागतं. कथा, लेख, कविता यांचं तसं नाही. मुलीच्या क्लासबाहेर थांबलेल्या पंधरा मिनिटांत एक कथा होते. कादंबरीचं तेवढ्यात जेमतेम पान सापडतं.

अडकणं: एकच धरलं आणि ते रटाळ निघालं की मागची सगळी रांग अडते. माझं एक जाडजूड चरित्र सात महिने ११२व्या पानावर होतं, खूण म्हणून घातलेलं लाइटबिल पिवळं पडलं.

रात्री सगळे झोपल्यावर सलग तासभर मिळत असेल तर एकच धरा, तेही कादंबरी. दिवस तुकड्यातुकड्यांत जात असेल तर तीन उघडी ठेवा, पण त्यात कादंबरी एकच. वहिनी दुसऱ्या गटातली.