श्रीनगर ते कन्याकुमारी आणि नंतरचे सात महिने: माझ्या टूरिंग सायकलचा अनुभव

सायकल गेल्या वर्षी एप्रिलमध्ये घेतली. स्टीलची फ्रेम, ७०० बाय ३५ चे टायर, पुढे तीन चेनरिंग (पेडलजवळच्या दातेरी चकत्या), मागे आठ गिअर, दोन्ही चाकांना ३६-३६ स्पोक, व्ही-ब्रेक (रबराने रिम दाबणारे). कॅरिअरसकट १५ किलो. सव्वा वर्षात ८,७०० किमी झाले. त्यातले ३,७०० सलग: २५ ऑक्टोबरला श्रीनगरच्या लाल चौकातून निघालो, १ डिसेंबरला कन्याकुमारीला पोचलो. आम्ही नाशिकचे सात जण. सोबत गाडी नव्हती. सामान ज्याचं त्याच्या कॅरिअरवर.

ग्रुपने लांब जायचं असेल तर सायकल एकट्याने निवडू नका, हे मला सगळ्यात आधी सांगायचंय. आम्ही निघण्याआधी सहा महिने बसून ठरवलं होतं की चाकाचा आकार एक, मागचे गिअर आठच आणि व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड. म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे, पेट्रोल पंपावर हवा भरता येते. माझी सायकल एकटीने निवडली असती तर मी हलकी, डिस्क ब्रेकवाली घेतली असती. आज वाटतं, बरं झालं नाही घेतली.

सातव्याकडे आधीपासूनच चांगली सायकल होती, बारीक व्हॉल्व्हची. त्याने ती बदलावी असा आग्रह आम्ही धरला नाही. सागरच्या पुढे त्याच्या दोन्ही जादा ट्यूब संपल्या. आम्हा सहा जणांकडे मिळून नऊ ट्यूब होत्या, पण आमचा जाड व्हॉल्व्ह त्याच्या रिमच्या भोकातून जाईना. देवरीत तसली ट्यूब कुणी पाहिलेलीही नव्हती. ठिगळावर ठिगळ लावत, दर सात-आठ किलोमीटरला हवा भरत संध्याकाळी कसेबसे बरमानला नर्मदेकाठी पोचलो. त्या रात्री घाटावर परिक्रमावासी मुक्कामाला होते. त्यांच्यातल्या एक मराठी आजी आमच्या सायकली हात लावून लावून बघत होत्या आणि आमच्या मित्राला सारखं ‘मैया करील सोय’ म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी नरसिंहपूरला एका वेल्डिंगवाल्याने रिमचं भोक ड्रिलने मोठं करून दिलं. आमची ट्यूब बसली आणि कन्याकुमारीपर्यंत टिकली. त्यात पूर्ण दिवस गेला, पण एकाचा दिवस गेला म्हणजे सातांचा गेला, आणि त्याबद्दल कुणी त्याला शब्दानेही बोललं नाही. या ग्रुपबद्दल मला सगळ्यात जास्त अभिमान त्याच दिवसाचा आहे.

आता सायकलबद्दल. चढाला ती उत्तम. पुढे २६ ची चेनरिंग आणि मागे ३४ दात्यांची मोठी चकती, त्यामुळे बटोतहून पटनीटॉपच्या जुन्या रस्त्याने चढताना १४ किलो सामान घेऊनही उतरावं लागलं नाही. वेग ताशी सहा. पण सहाही जणांचे गिअर सारखे असल्याने सगळ्यांचा वेग सहाच्याच आसपास राहिला, कुणी फार मागे पडलं नाही.

पटनीटॉपहून उधमपूरकडे उतरताना मात्र व्ही-ब्रेक दाबून दाबून तळहात बधिर झाले. पुढे तमिळनाडूत नोव्हेंबरअखेरचा पाऊस लागला तेव्हा ओल्या रिमवर सायकल थांबायला उशीर लागायचा. डिस्क ब्रेक या दोन्ही ठिकाणी सरस, हे मान्य करायला हवं. तरी दिंडीगुलला ब्रेकचे रबर साध्या सायकलच्या दुकानात मिळाले आणि दहा मिनिटांत बसले, तेव्हा माझी तक्रार संपली.

पंजाबपासून नागपूरपर्यंत वेळ नुसता टायर तपासण्यात गेला. हायवेच्या कडेला ट्रकचे फुटलेले टायर पडलेले असतात. त्यांतल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा रबरात शिरतात आणि ट्यूबपर्यंत पोचायला कधीकधी दोन दिवस घेतात. माझी पंक्चर फक्त चार, पण चारही या तारांमुळेच. भुवयांचा छोटा चिमटा जवळ ठेवा. बोटांनी ती तार निघत नाही, आणि तार न काढता ट्यूब बदलली तर पंधरा मिनिटांत पुन्हा पंक्चर काढत बसाल.

हरियाणात पराली (भाताचे खुंट) जाळल्याचा धूर इतका होता की मास्क लावूनच सायकल चालवली. पानिपतला रस्ता सोडून काला आंबला गेलो. १७६१ साली इथवर आलेली माणसं कुठल्या वाटेने, कशी आली असतील हे त्या धुरात उभं राहून मनात आल्याशिवाय राहिलं नाही. कुणी फार बोललं नाही.

सायकलचं खरं दुखणं मागचं चाक. निर्मलच्या पुढे गिअरकडच्या बाजूचा एक स्पोक तुटला आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. हा स्पोक बदलायला आधी मागची चकती काढावी लागते, आणि तिचा पाना गावच्या दुकानात नसतो. सहांमध्ये मिळून एकच पाना आम्ही आणला होता. तो माझ्या पिशवीत नव्हता, आमच्यातल्या सत्तरीतल्या काकांच्या पिशवीत होता आणि काका दोन किलोमीटर पुढे होते. ते परत आले. स्पोक आम्ही बसवला, चाकाचा आउट (वाकडेपणा) मात्र कामारेड्डीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी काढला, नुसत्या अंगठ्याच्या नखाने अंदाज घेत. तेव्हापासून ते चाक आजतागायत हललेलं नाही.

आणखी एक. श्रीनगरला नेताना वाहतुकीत माझा डेरेलरचा हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जिथे अडकतो ती पट्टी) वाकला होता. एवढी एक वस्तू प्रत्येक फ्रेमची वेगळी असते, ती उसनी मिळत नाही. तेवढी स्वतःची जादा ठेवा.

चामड्याच्या सीटने पहिले दहा दिवस छळलं, दिल्लीनंतर ती माझी झाली. पावसात मात्र तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायचीच.

तिरुनेलवेलीनंतर वारा पाठीवर होता. मुप्पंडलच्या पवनचक्क्यांमधून पेडल न मारताच पुढे सरकल्यासारखं वाटत होतं. शेवटचे वीस किलोमीटर सातही जण मुद्दाम हळू चालवत होतो.

परत आल्यावर चेन मोजली, ताणली गेली होती, बदलली. मेमध्ये पेडलजवळ करकर सुरू झाली, तिथली बेअरिंग बदलली. बाकी काही नाही. रोज शाळेत जाऊन-येऊन १४ किमी तिच्यावरच.

चेनस्टेला (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) चिकटपट्टीने बांधून तीन जादा स्पोक नेले होते. एक निर्मलच्या पुढे लागला. जूनमध्ये सायकलने पंढरपूरला जाताना टेंभुर्णीजवळ एका अनोळखी मुलाचा स्पोक तुटलेला दिसला, लांबी जुळली, दुसरा त्याला दिला. एक उरलाय, आणखी चार मागवलेत.