मातीचे कुंडले आणि टोमॅटोत मुरवलेली फरसबी

मे महिन्याच्या अखेरीस पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीसाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले असता सुकी मासळी, कोकमाची सोले आणि गावठी मिरच्या यांच्या जोडीला मी मातीचे एक कुंडलेही घेतले. झाकणासह त्याचे ३५० रुपये पडले. सुमारे दोन लिटरचे, बसके, रुंद तोंडाचे, आतून-बाहेरून बिनचकाकीचे असे हे लाल भांडे आमच्याकडे गोव्यात खरे तर हुमणासाठी, म्हणजे माशाच्या आमटीसाठी, घेतले जाते. मी मात्र ते एका परक्या भाजीसाठी घेतले होते, आणि ऑक्टोबरपर्यंत आठवड्यातून एकदा तरी तीच भाजी त्यात शिजवली. हुमण पंधरा-वीस मिनिटांत होऊन जाते, त्यामुळे त्यावरून भांड्याची पारख होत नाही. पाऊण तास मंद आचेवर बसणाऱ्या, आंबट रसातल्या, वरून पाणी न घालता शिजवायच्या पदार्थात भांड्याचे गुण आणि दोष दोन्ही उघडे पडतात.

तो पदार्थ म्हणजे टोमॅटोच्या दाट रसात तेलावर मुरवलेली फरसबी. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या सगळ्या किनाऱ्यावर ती घरोघरी होते. ग्रीसमध्ये तिला ‘फासोलाकिया’ म्हणतात आणि ‘लाधेरा’, म्हणजे तेलातल्या भाज्या, या वर्गात ती मोडते. लेबनॉनमध्ये तीच ‘लुबिये बि झेत’ होते. तुर्कस्तानात ती ऑलिव्हच्या तेलात शिजवून गार करूनच वाढतात. तिकडे पावासोबत पोटभर खाण्याचाही तो पदार्थ असला, तरी आपल्या ताटात तिची जागा तोंडीलावण्याची, आणि ती जागा तिला उत्तम शोभते. फरसबी आणि टोमॅटो ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज भाषेत शेंग-घेवड्याला जो ‘फेजांव’ शब्द आहे, तो गोव्यात आजही कानावर पडतो. तेव्हा या भाजीला परकी म्हणताना मी थोडी अडखळते; परकी आहे ती शिजवण्याची रीत.

आपल्याकडे फरसबी बारीक चिरून, मोहरी-मिरचीच्या फोडणीवर परतून, वर ओला नारळ पेरून उतरवतात आणि ती हिरवीगार राहिली की करणारी सुगरण ठरते. या भाजीत नेमके उलटे आहे. शेंगेचा हिरवा रंग जाऊन ती शेवाळी-तपकिरी दिसू लागली पाहिजे, आणि दाताखाली न करकरता जिभेवर दबली पाहिजे. रंग जातो तो आंबटपणामुळे आणि उष्णतेमुळे: हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निसटते आणि हिरव्याचा तपकिरी होतो. हे पहिल्यांदा पाहून माझ्या सासूबाई म्हणाल्या, “अगो, ही करपली की काय?” त्यांनी एक शेंग चाखली, मग दुसरी चाखली, आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

अडचण अशी, की टोमॅटोतले आम्ल जसा रंग घालवते, तसेच ते शेंगेला मऊही होऊ देत नाही. शेंगेच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन आंबट रसात सहज विरघळत नाही. म्हणून साध्या पाण्यात दहा-बारा मिनिटांत शिजणारी फरसबी टोमॅटोत अर्धा-पाऊण तास घेते. चिमूटभर खायचा सोडा घातला तर काम लवकर होते, पण शेंगेचा लगदा होतो आणि रसाला साबणासारखी चव येते. तेव्हा वेळ द्यावाच लागतो, आणि तेवढा वेळ कोणते भांडे धीराने साथ देते, हा खरा प्रश्न आहे.

घरातली इतर भांडी मी आधीच वापरून पाहिली होती. बिडाची कढई डोशाला आणि भाकरीला सोन्यासारखी, पण तिच्यात टोमॅटो पाऊण तास शिजवला तर रस काळपट होतो आणि लोखंडाचा वास मारतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्याचे आणि आंबटाचे वैर जुनेच आहे. स्टीलचे पातळ पातेले तळाला धरते. त्यात पाणी घालून ते टाळता येते, पण मग तेल आणि रस एकजीव न होता नुसता पाणचट रस्सा उरतो. कुकरमध्ये दोन शिट्यांत शेंगा शिजतात खऱ्या, पण वाफ कोंडल्यामुळे रस आटत नाही, शेंगेची साल सुटते आणि आतले कोवळे दाणे तळाशी जमतात. एनॅमलचा लेप दिलेले बिडाचे जड भांडे हे काम चोख करते. मात्र त्याच्या किमतीत अशी दहा कुंडली येतील.

कुंडले निवडताना मी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली म्हणजे चकाकी. वर काचेसारखा लेप चढवलेले मातीचे भांडे सजावटीला कितीही देखणे असले, तरी त्या लेपात शिसे नाही याची खात्री नसेल, तर आंबट पदार्थ त्यात शिजवू नये. आम्लामुळे शिसे अन्नात उतरते. दुसरी म्हणजे आवाज. बोटाच्या पेराने टिचकी मारल्यावर खणखणीत नाद आला पाहिजे, बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक चीर आहे असे समजावे. विकणाऱ्या बाईंनी स्वतःच तीन-चार कुंडली वाजवून दाखवली, आणि पैसे घेताना बजावले, “पयलीं पेज रांद गो बाय, मागीर हुमण.” तो सल्ला मी अक्षरशः पाळला. रात्रभर भांडे पाण्यात बुडवून ठेवले, दिवसभर सावलीत वाळवले, आतून खोबरेल चोळले आणि दोन दिवस त्यात उकड्या तांदळाची पेज केली. पेजेतली खळ मातीच्या छिद्रांत बसते आणि भांडे झिरपायचे थांबते. ज्यांना एवढी खटपट नको असेल, त्यांनी हे भांडे घेऊच नये.

आता प्रत्यक्ष रांधणे. अर्धा किलो फरसबीला एक मोठा कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या, ४०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो आणि चार मोठे चमचे तेल, असे माझे प्रमाण आहे. फरसबी मी बहुधा फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून घेते आणि घेताना एक शेंग मोडून पाहते. कट्कन मोडली तर कोवळी, नुसती वाकली तर जून. शेंगांची टोके आणि शिरा काढायच्या, पण त्या बारीक चिरायच्या नाहीत; बोटभर लांबीचे दोन तुकडे पुरेत. कुंडल्याखाली लोखंडी जाळी ठेवून गॅस बारीक करायचा. थेट मोठ्या ज्योतीवर मातीचे भांडे तडकते. तेल तापायला येथे स्टीलपेक्षा दुप्पट वेळ लागतो, पण एकदा तापल्यावर कांदा अंगच्याच ओलाव्यात हळूहळू पारदर्शक होतो आणि कडेला करपत नाही. त्यावर लसूण, शेंगा आणि मीठ घालून झाकण ठेवायचे, आणि टोमॅटोला हात न लावता दहा मिनिटे थांबायचे. ही दहा मिनिटे मी पूर्वी वाचवत असे, आणि म्हणूनच शेंगा तासानंतरही ताठ राहत; आम्लाची गाठ पडण्याआधी त्यांनी थोडे नरमणे आवश्यक आहे. मग किसलेला टोमॅटो, चवीपुरती साखर आणि मिरपूड घालायची. टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे वेगळे पाणी घालावे लागत नाही.

कुंडल्याचे मोल कळते ते पंचविसाव्या मिनिटाला. तोवर इतर कोणत्याही भांड्यात रस उसळत असतो, चारदा ढवळावे लागते, आणि ढवळले की शेंगा मोडतात. येथे कडेकडेने फक्त बारीक बुडबुडे येतात, मधला भाग जवळजवळ स्थिर असतो आणि वर तेलाचे केशरी थेंब जमू लागतात. करवंटीच्या डवल्याने एकदाच तळापासून उलथावे. तीस मिनिटांनी एक शेंग काढून नखाने दाबली की ती चिरत नाही, नुसती दबते आणि परत वर येते: अजून वेळ आहे. चाळिसाव्या मिनिटाला तिचे दोन भाग शिवणीवर अलगद सुटतात, आणि तेव्हाच गॅस बंद करायचा. मातीची ऊब एवढी टिकते की त्यानंतरही सात-आठ मिनिटे रस खदखदत राहतो. पहिल्या दोन वेळा हे लक्षात न आल्याने भाजी जास्त आटली.

माझी एकमेव मोठी तक्रार झाकणाची आहे. ते कुंडल्याबरोबर दिलेले असले तरी त्याच्या तोंडाला घडवलेले नव्हते. एका बाजूने बोटाचे पेर जाईल एवढी फट राहत होती. तेथून वाफ निघून जायची, आणि त्याच बाजूचा रस तळाला लागायचा. भांडे हाताने घडते, त्यात थोडा वाकडेपणा येणारच, हे मान्य. पण जोडी म्हणून पैसे घेताना ती जुळवून देणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. दोन आठवड्यांनी त्याच ठिकाणी गेले तर दुसरे झाकण बदलून मिळाले नाही, “तशेंच आसता” एवढेच उत्तर मिळाले. शेवटी कणकेची वळी करून ती कडेला लावण्याची, दम बिर्याणीची युक्ती करावी लागली. ती नामी आहे, पण एका तोंडीलावण्यासाठी रोज कणीक मळणे कोणाला परवडणार? आता ओल्या फडक्याची घडी कडेला दाबून मी काम भागवते.

तेलाविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मूळ पदार्थ ऑलिव्हच्या तेलातला आहे, आणि तो कोमट किंवा गारच खातात. त्यामुळे उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते. मी खोबरेल वापरून पाहिले. चव गोव्याच्या मातीला मानवणारी, लसणीशी मैत्र जमवणारी. मात्र फ्रिजमध्ये ठेवल्यावर खोबरेल गोठते आणि शेंगांवर पांढरे पापुद्रे बसतात, तेव्हा खायच्या अर्धा तास आधी भांडे बाहेर काढून ठेवावे. उकड्या भातासोबत आणि तळलेल्या बांगड्याच्या बाजूला ही भाजी तिच्या आंबटगोड रसामुळे खुलते. पोईच्या, म्हणजे गोव्याच्या पोकळ पावाच्या, पोटात भरून तर ती मुलांच्या डब्यालाही जाते. सोमवारच्या शिवराकीला, म्हणजे कांदा-लसूण नसलेल्या शाकाहारी जेवणाला, मात्र तिला आमच्या ताटात प्रवेश नाही, कारण कांदा-लसूण वगळली तर तिच्यात उरते काय?

देखभालीच्या बाबतीत हे भांडे मागणीखोर आहे. साबण वापरला तर मातीत मुरतो आणि पुढच्या पदार्थात उतरतो, म्हणून नारळाच्या सोडणाने, म्हणजे काथ्याने, आणि कोमट पाण्याने घासावे. पावसाळ्यात तर दोन दिवस झाकून ठेवले तरी तळाशी पांढरी बुरशी धरते. जुलैमध्ये मी ते चुलीच्या उबेला उलटे टांगून ठेवत असे. इंडक्शनवर ते चालत नाही. गरम भांडे थंड ओट्यावर थेट ठेवू नये, खाली लाकडी पाट किंवा फडके असावे.

आणखी एक दोष भांड्याचा म्हणावा की आमच्या घराचा, हे ज्याने त्याने ठरवावे. ऑक्टोबरमध्ये मी चार दिवस माहेरी असताना माझ्या जाऊबाईंनी त्या कुंडल्यात तिरफळे घालून बांगड्याचे हुमण केले. हुमण उत्कृष्ट झाले, असे सगळ्यांनी मला फोनवर सांगितले. परत येऊन मी फरसबी केली तर पहिल्याच घासाला तिरफळाचा झणका आणि मागून बांगड्याचा वास. पेज झाली, लिंबू झाले, दिवसभर ऊन झाले, पण वास गेला नाही. माती चव सोडत नाही, हा हुमणासाठी गुण असला तरी फरसबीसाठी दोष आहे. ते कुंडले आता जाऊबाईंचेच झाले आहे. डिसेंबरात मी ४०० रुपयांना दुसरे घेतले, आणि या वेळी पैसे देण्याआधी तेथेच उकिडवे बसून सहा झाकणे एकेक करून तोंडावर फिरवून पाहिली, पाचवे बसले.