लॅब चांगली पण रिपोर्टला लई उशीर

कोंबड्यांच्या शेडात पिवळी हगवण न् मर लागली म्हणून मेलेले 2 पक्षी बर्फात घालून सोलापुरातल्या या लॅबला नेले, 3 दिवस म्हणले न् आठवडा लावला, फोन पण उचलंनात. पण तिथल्या मॅडमनी नळी दाखवली, मऊ जेलीत सुई टोचलेली, जंतू त्या रेघेतच बसलेला, आजूबाजूला पसरल्याचा ढग नाहीच. बाकीच्या टेस्ट धरून साल्मोनेला गॅलिनेरम निघाला, कोंबड्यांच्या टायफॉइडवाला जंतू, याला पोहायची शेपटीच नसते म्हणे. एन्टेरिटिडिस म्हणून दुसरा साल्मोनेला हाय, त्याला असते, तिचं मेन स्विच एफएलएचडीसी नावाचे जीन, जंतूनं ते बंद ठेवले की ताकद वाचते न् कोंबडीच्या इम्युनिटीला शेपटीचं प्रोटीन दिसत पण नाही, डोकंच बगा त्याचं! गाडी लावायला जागा नाही. 3 स्टार, तेबी मॅडममुळं.