शिडाच्या होडीवरील मोटर: उचलता ब्रॅकेट आणि भोसरीत घडवलेला जोडदांडा

आमची 18 फुटांची शिडाची होडी राजपुरीच्या खाडीत नांगरलेली असते आणि आम्ही पुण्यात राहतो. त्यामुळे तिला लागणारी बहुतेक प्रत्येक वस्तू पुण्यात घेतली किंवा घडवली जाते, पण ती बरोबर बसली की नाही हे ताम्हिणी घाट उतरून खाडीवर गेल्याशिवाय कळत नाही. गेल्या वर्षी होडीच्या 5 अश्वशक्तीच्या फोर-स्ट्रोक मोटरसाठी आम्ही स्प्रिंगचा उचलता ब्रॅकेट घेतला आणि मोटर व सुकाणू एकत्र वळावेत म्हणून भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्याकडून जोडदांडा करून घेतला. ऑक्टोबर ते मे असा पूर्ण हंगाम दोन्ही वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. कारखान्याच्या मालकांचे मुख्य काम वाहनांचे सुटे भाग बनवण्याचे आहे आणि असल्या एकेकट्या कामांसाठी त्यांना वेळ काढणे अवघड जाते, म्हणून नाव छापू नये अशी त्यांनी विनंती केली. ती मी पाळत आहे.

ब्रॅकेटची रचना साधी आहे. समांतर भुजांच्या चौकटीवर मोटर अडकवायची जाड फळी असते, भुजांमध्ये दोन दणकट स्प्रिंगा असतात आणि कळ दाबून फळी चार टप्प्यांत वर-खाली करता येते. एकूण उचल सुमारे 10 इंच आहे. शिडावर चालताना मोटरचा पंखा (प्रोपेलर) पाण्यात राहिला तर होडी जड चालते, म्हणून मोटर वर घेता आली पाहिजे. आणि मोटरवर चालताना तोच पंखा पुरेसा खोल गेला पाहिजे. हे दोन्ही साधण्यासाठी ब्रॅकेट मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, नेमका किती उंचीवर बसवायचा, हा या वस्तूच्या बाबतीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सोबत आलेल्या माहितीपत्रकात त्याविषयी एक ओळही नाही.

पहिल्यांदा आम्ही तो मोटरबोटींची कामे करणाऱ्या एका दुकानाकडून बसवून घेतला. पावसाळ्यामुळे होडी तेव्हा पुण्यात, ट्रेलरवर होती. तेथील मेकॅनिकने मोटरबोटीचा नियम लावला: पंख्याच्या वर जी आडवी पाती असते, जिला मेकॅनिक कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, ती बोटीच्या तळाच्या रेषेत आणायची. वेग घेतल्यावर पाण्यावर चढून धावणाऱ्या बोटीसाठी हा नियम योग्यच आहे. शिडाच्या होडीचा तळ मात्र मागच्या बाजूला वर उचललेला असतो आणि ट्रान्समची खालची कड पाण्यात जेमतेम बुडते. त्या रेषेत आणलेली पाती आमच्या होडीवर पाण्याखाली पुरेशी खोल गेली नाही. ट्रेलरवर उभ्या असलेल्या होडीकडे पाहून हे लक्षात येणे कठीण होते, हे मी मान्य करते. पण आम्ही शंका विचारली असताना ती मोजून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही, याचे मला वाईट वाटते.

ऑक्टोबरच्या पहिल्याच फेरीत परिणाम दिसला. नांगराची जागा जवळ आली म्हणून माझा थोरला भाऊ नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, गेला, त्याच्या मागोमाग पुतण्याही गेला, होडीची मागची बाजू वर आली आणि पंख्याने हवा ओढली. मोटरचा आवाज एकदम चढला, जोर मात्र नाहीसा झाला, आणि भरतीचे पाणी आम्हाला नांगरलेल्या एका मासेमारी नौकेकडे नेऊ लागले. मी थ्रॉटल कमी केला, दोघांना मागे बोलावले, तेव्हा कुठे पंख्याला पुन्हा पाणी लागले. दुकानाने यावर लांब दांड्याची मोटर घेण्याचा सल्ला दिला. आमची मोटर आधीपासून लांब दांड्याचीच, म्हणजे 20 इंची आहे.

भोसरीच्या कारखान्यात गेलो तेव्हा मालकांनी होडीचे छायाचित्र पाहिले आणि म्हणाले, "ताई, होडी पाण्यात असताना ट्रान्समच्या वरच्या कडेपासून पाणी किती खाली आहे ते मोजून आणा. सगळे मागे बसलेले असताना एकदा आणि दोघं पुढे गेलेले असताना एकदा." आयुष्यात होडीचे काम न केलेल्या माणसाने नेमका हा प्रश्न विचारावा, याने मला त्यांच्याविषयी खात्री वाटली. पुढच्या शनिवारी इंधनाची टाकी, नांगर, पाण्याचे कॅन असे सर्व सामान होडीत ठेवून आम्ही मोजमापे घेतली. चौघे मागे असताना पाणी 19 इंच खाली होते, दोघे नाळेवर गेल्यावर 23 इंच. मोटर जेथे फळीवर बसते तेथपासून पातीपर्यंत 20 इंच. दोघे पुढे गेलेले असतानाही पाती किमान 4 इंच बुडालेली हवी असे ठरवल्यावर हिशेब सरळ झाला: सर्वांत खालच्या टप्प्यावर ब्रॅकेटची फळी ट्रान्समच्या वरच्या कडेपासून 7 इंच खाली यायला हवी. म्हणजे पूर्वीपेक्षा 4 इंच खाली. त्याहूनही खाली नेण्यात अर्थ नव्हता, कारण मागून येणारी लाट मग मोटरच्या डोक्यापर्यंत पोहोचते. (हेच माप खडकवासल्याच्या गोड्या पाण्यात घेतले असते तरी चालले असते, एवढ्या होडीला गोड्या-खाऱ्या पाण्याचा फरक दोन-तीन मिलिमीटरच पडतो.)

जुनी भोके इपॉक्सीने बुजवली, आतून मरीन प्लायची जाड पट्टी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमची प्लेट दिली, आणि पुण्यातल्या बोहरी आळीतून आणलेल्या 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी ब्रॅकेट पुन्हा बसवला. तेव्हापासून पंख्याने एकदाही हवा ओढलेली नाही. उधाणाच्या दिवशी खाडीच्या तोंडाशी, जंजिऱ्याजवळ, पाणी चांगलेच उसळत होते, तरीही मोटरचा सूर बदलला नाही आणि थंड करणाऱ्या पाण्याची धार अखंड राहिली.

आता जोडदांड्याविषयी. आमचे सुकाणू ट्रान्समच्या मधोमध आहे आणि मोटर त्याच्या डावीकडे 14 इंचांवर. पंख्याने मागे फेकलेले पाणी त्यामुळे सुकाणूवर पडत नाही, आणि सुकाणूचा उपयोग तर पाणी त्याच्यावरून वाहत असेल तेव्हाच होतो. धक्क्याला लागताना वेग जवळजवळ शून्य असतो, अशा वेळी नुसते सुकाणू वळवून होडी वळत नाही. मोटर वळवली की ती लगेच वळते. एक हात सुकाणूच्या दांड्यावर आणि दुसरा मागे वाकून मोटरच्या हँडलवर, ही कसरत टाळण्यासाठी दोहोंना जोडणारा दांडा हवा होता.

कारखान्यात आधी प्लायच्या पट्ट्यांचा नमुना केला, हे फार बरे झाले. नमुन्यात दांड्याची पकड सुकाणूच्या आसापासून 11 इंचांवर आणि मोटरच्या आसापासून 7 इंचांवर होती, त्यामुळे सुकाणू थोडे वळवले तरी मोटर त्याहून अधिक वळत होती. मोटरच्या हँडलच्या बुडाशी ॲल्युमिनियमची पट्टी बांधून तेही अंतर 11 इंच केले, तेव्हा दोन्ही सारख्याच कोनात वळू लागले. मोटरला कोठेही भोक पाडावे लागले नाही. दांडा 316 च्या नळीचा असून दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, म्हणजे गोळीवर फिरणारे सांधे, आहेत. दांडा लावल्यावर मोटरच्या स्टिअरिंगचा घट्टपणाचा स्क्रू सैल करायचा असतो; तो तसाच आवळलेला राहिला तर सुकाणू विनाकारण जड लागते.

उंची आणि वळण हे एकमेकांत गुंतलेले प्रश्न आहेत, हे आम्हाला डिसेंबरमध्ये कळले. दांडा तेव्हा नटबोल्टने जोडलेला होता. मी तो न काढता ब्रॅकेट वर घेतला. मोटर 10 इंच वर गेली, सुकाणू जागच्या जागी राहिले, बॉल जॉइंटला तेवढा कोन झेपला नाही आणि नळी मधोमध वाकली. कारखान्याने नवी नळी केली आणि मोटरकडच्या टोकाला नटबोल्टऐवजी बोटाने दाबून निघणारी खीळ दिली, दोरीने दांड्यालाच बांधलेली. आता खीळ काढायची, दांडा सुकाणूवरच्या आकड्यात अडकवायचा आणि मग मोटर उचलायची, असा क्रम हाताला बसला आहे. दांडा लावलेला असताना पंखा आणि सुकाणू एकाच बाजूला वळत असल्याने एकमेकांना लागत नाहीत. धोका आहे तो दांडा सुटा असताना. म्हणून दांड्याशिवाय मोटर चालवायची वेळ आली तर ती सरळ ठेवून स्क्रू घट्ट आवळावा आणि वळण फक्त सुकाणूने घ्यावे.

ब्रॅकेटमध्ये उणिवा आहेत. मोटर सुमारे 27 किलोंची आहे आणि स्प्रिंगा बराच भार घेत असल्या, तरी मागे वाकून ती उचलताना कंबरेवर ताण येतो. आम्ही शेवटी लहान कप्पी आणि दोरी लावली. पूर्ण उचलल्यावरही पंख्याचा खालचा भाग पाण्याला लागतोच, त्यामुळे मोटर तिरपीही करावी लागते. सोबतच्या बोल्टांवर पाच महिन्यांत गंजाचे ठिपके आले, म्हणून ते बदलले. भुजांच्या प्लास्टिकच्या बुशिंगांमध्ये, म्हणजे सांध्यांतल्या कड्यांमध्ये, आता किंचित ढिलाई जाणवते आणि कमी वेगात फळी थरथरते. माहितीपत्रक निरुपयोगी आहे. तरीही पंख्याने हवा ओढण्यामागची चूक मोजमापाची होती, वस्तूची नव्हती, आणि 15 ते 20 फुटांच्या होडीसाठी मी हाच ब्रॅकेट पुन्हा घेईन. आमच्यापेक्षा जड मोटर असेल तर वजनाची मर्यादा पाहून मोठा घ्यावा.

जोडदांड्याला, दुसऱ्या नळीसह, 9,400 रुपये लागले. वाकलेल्या नळीचे पैसे मी आग्रहाने दिले, कारण चूक माझी होती. बुशिंगे पितळेची करून देण्याचे मालकांनी कबूल केले आहे. होडी आता पावसाळ्यासाठी पुण्यात आली आहे, ब्रॅकेट उतरवून भोसरीत पोहोचवला आहे आणि ट्रान्समवर त्याच्या जागेभोवती 7 इंचांची रेघ पक्क्या शाईने आखून ठेवली आहे.