संकेतस्थळाचे नाव: मालाचे की दुकानाचे, डॉट कॉम की डॉट इन?

नाशिकच्या रविवार कारंजावर चिवड्याचे दुकान चालवणाऱ्याला संकेतस्थळ काढायचे झाले, तर पहिला मोह ‘नाशिकचिवडा’ या नावाचा होतो. तो गैरही नाही, कारण माल कोणता आणि कुठला, हे गिऱ्हाइकाला नाव वाचताच कळते. अडचण रोमन लिपीत सुरू होते. नाशिक हे नाव एच घालून लिहितात, तसेच एच गाळूनही लिहितात. ‘चिवडा’मधल्या ‘व’साठी कोणी व्ही लिहितो तर कोणी डब्ल्यू, आणि त्यापुढे ए घालायचा की नाही यावरही एकमत नाही. म्हणजे एकाच उच्चाराची आठ स्पेलिंगे झाली, आणि फोनवर पत्ता ऐकलेले गिऱ्हाईक त्यांपैकी कोणते टंकील हे सांगता येत नाही. शिवाय ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार केवळ माल आणि गाव सांगणाऱ्या नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी सहसा होत नाही, त्यामुळे शेजाऱ्याने मिळतेजुळते नाव घेतले तर त्याला अडवणे कठीण जाते.

दुकानाच्या जुन्या नावाला ही कायदेशीर अडचण बरीच कमी येते, आणि उद्या लाडू किंवा मनुके विकायला घेतले तरी ते खोटे ठरत नाही. मात्र परगावच्या गिऱ्हाइकाला त्यातून मालाचा पत्ता लागत नाही. ते काम मुखपृष्ठावरच्या मथळ्याने करायचे. नाव चार-पाच अक्षरी असावे आणि मधे हायफन नसावा, कारण तो बोलताना हमखास गळतो.

शेपटाचा, म्हणजे नावामागे डॉट कॉम लावायचे की डॉट इन, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. डॉट कॉम १९८५ पासून रुळलेले असल्याने लोक सवयीने तेच टंकतात, पण त्यातली छोटी नावे बहुतेक गेलेली आहेत. डॉट इन २००५ पासून सर्वांना खुले असून देशातल्या गिऱ्हाइकासाठी पुरेसे आहे. देवनागरीतले डॉट भारत २०१४ मध्ये आले. त्यात स्पेलिंगचा घोळ बराच मिटतो, तथापि असा ईमेल पत्ता अनेक ऑनलाइन फॉर्म अजून स्वीकारत नाहीत, म्हणून ते जोडीला ठेवावे.

या दुकानदाराने दुकानाचे नाव डॉट इनमध्ये घ्यावे, डॉट कॉम मोकळे असल्यास तेही घ्यावे, आणि नोंदणी संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या नावाने व ईमेलने करावी. पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा नूतनीकरणाचा दर आधी विचारावा.