गोगँचं ताहिती की डॉइगचं त्रिनिदाद?

रावेर-यावलकडच्या माणसाला केळीच्या सावलीतला स्वर्ग सहजासहजी पटत नाही. मे-जूनच्या वादळात घडांसकट आडवी झालेली बाग त्याने पाहिलेली असते. म्हणूनच बेटं रंगवणाऱ्या गोगँ आणि डॉइग या दोन चित्रकारांची चित्रं त्याने शेजारी ठेवून बघावीत.

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ १८९१ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर पोहोचला. बेट १८८० पासून फ्रान्सची वसाहत होतं आणि मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना अंगभर झगे घालायला लावले होते. त्याच्या काही चित्रांत ते झगे दिसतातही. पण जगाच्या मनात ठसली ती गुलाबी जमीन, उघडे खांदे आणि निवांतपणा. रंग अफाट, यात वाद नाही.

आजच्या काळातला चित्रकार पीटर डॉइग याचं बालपण काही काळ कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर गेलं. २००२ मध्ये तो तिथे पुन्हा राहायला गेला. ‘हंड्रेड इयर्स अगो (कॅरेरा)’ या चित्रात लांबलचक होडी, तिच्यात एकटा दाढीवाला आणि मागे देखणं बेट. ते बेट तुरुंगाचं आहे! हे कळल्यावर तेच निळं पाणी अंगावर येतं.

जळगावात चित्रकला शिकणाऱ्या पोरांपुढे मी आधी डॉइग ठेवेन. बाग रंगवताना डोक्यावर घड वाहणारा मजूर चौकटीबाहेर राहू नये, एवढ्यासाठी.