दाढ काढून टाकायची की रूट कॅनॉल करून ठेवायची? आमच्या घरातल्या दोन दाढा समोरासमोर

गेल्या रविवारी तासगावहून आत्याचा फोन. "आरं, दाढ लई ठणकतीय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, डॉक्टर म्हणतोय रूट कॅनॉल करा, शेजारीण म्हणती काढून टाक आणि मोकळी हो, तू सांग काय करू." पाच मिनिटांत फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच, तिला संध्याकाळी नीट बोलतो म्हणालो आणि मग वाटलं लिहूनच काढावं, कारण हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक घरात येतो. मी डॉक्टर नाही. पण आमच्या सांगलीच्या घरात एकाच जागची दाढ दोघांची किडली, खालची, डाव्या बाजूची, आईने तिची काढून टाकली आणि मी माझी रूट कॅनॉल करून, म्हणजे आतली नस काढून, ठेवली. आठ वर्षं झाली, दोन्हीचं पुढे काय झालं ते रोज जेवताना बघतोय.

आमची जी किडली ती सहाव्या वर्षी येणारी दाढ. ती दुधाचे दात न पडता मागच्या बाजूला नवीन येते, त्यामुळे आईबापांना वाटतं हा पण दुधाचाच, पडेल कधीतरी, आणि लक्ष राहत नाही. ती पडत नाही, तीच आयुष्यभराची. म्हणून बऱ्याच जणांची पहिली किडते तीच, आणि चावायचं सगळ्यात जास्त काम पण तिचंच.

आता काढायची का ठेवायची याच्या आधी एक गोष्ट, दुखणं कुठपर्यंत गेलंय ते. गार पाणी प्यायलं की सणक जाते आणि दोन-चार सेकंदात थांबते, गोड खाल्लं की शिवशिवतं, एवढंच असेल तर बहुतेक वेळा कीड अजून दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली नसते आणि नुसता दात भरून भागतं, एका बैठकीत, दाताच्याच रंगाच्या कंपोझिट नावाच्या मसाल्याने. इथेच उरकून घेतलं तर पुढचं काहीच वाचायला नको. पण गरम चहाने ठणका सुरू झाला आणि घोट गिळल्यावरही बराच वेळ राहिला, रात्री आडवं पडल्यावर वाढला, कान आणि कानशिलापर्यंत गेला, की समजायचं नस सुजली, आता नुसतं भरून चालणार नाही. मग दोनच रस्ते उरतात, नस काढायची किंवा दाढच काढायची.

आणि तिसरा रस्ता म्हणजे गोळ्या, तो रस्ताच नाही, हे मी स्वतः भोगलंय. मेडिकलवाल्याने तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, दुखायचं थांबलं, मी खूश. खरं तर आतली नस मेली होती म्हणून दुखायचं थांबलं होतं. दोन महिन्यांनी गाल टम्म सुजला, मुळाच्या टोकाशी पू झालेला. अँटिबायोटिक सूज उतरवायला कधी लागतं, पण दाताच्या आतली सडलेली नस त्याने जात नाही, तिथे रक्तच पोचत नाही तर औषध कसं पोचणार. लवंगेच्या तेलाने तात्पुरतं बधिर होतं, ठीक आहे, एक रात्र निघते. दुखण्याची गोळी कुटून हिरडीवर ठेवतात ते मात्र अजिबात करू नका, हिरडी भाजते.

आता आईची दाढ. भुलेचं इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं थांबले, पाच-सात मिनिटांत दाढ बाहेर. काढताना दुखत नाही, फक्त दाबल्यासारखं आणि करकर आवाज. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, थुंकायचं नाही, त्या दिवशी गुळण्या करायच्या नाहीत, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. कारण खड्ड्यात जी रक्ताची गुठळी होते तीच जखमेचं झाकण असतं. ती निघून गेली की दोन-तीन दिवसांनी हाड उघडं पडून असह्य ठणका लागतो आणि बिडी-तंबाखूवाल्यांना हे जास्त होतं. आईला तसं काही झालं नाही. आठवड्यात ती भाकरी खायला लागली, खर्च पण अगदी थोडा, घरात सगळे म्हणाले बरं झालं सुटलीस.

सुटली नव्हती. तीनेक वर्षांत वरची दाढ, जिला खालून टेकायला काही राहिलं नाही, ती खाली उतरायला लागली. मागची दाढ पुढे कलली. त्या कललेल्या दाढेच्या फटीत मेथीची भाजी, मटणाचा रेशा, काही ना काही रोज अडकतं, जेवण झालं की आई पहिली टाचणी शोधते (शंभरदा सांगितलं टाचणी नको). आता ती मागची दाढ पण कडेने किडलीय. आणि डावीकडून चावायचंच सोडून दिल्यामुळे सगळा भार उजवीकडे. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही, काहींचे दात जागचे हलत नाहीत, पण होतं तेव्हा हळूहळू होतं आणि कळतं उशिरा.

माझी दाढ. तीन बैठका, तीन आठवड्यांत. बऱ्याच जणांची आता एका-दोन बैठकीत पण होते, माझी पू झालेली म्हणून वेळ लागला. लोक रूट कॅनॉलच्या नावानेच घाबरतात म्हणून काय होतं ते सांगतो. भूल दिल्यावर दाढेभोवती एक निळं रबर ताणून लावलं, त्यातून तेवढी एकच दाढ वर, म्हणजे औषध किंवा बारीक सुई घशात जात नाही. मग वरून भोक पाडून केसासारख्या बारीक सुयांनी नस काढायची आणि नळ्या साफ करायच्या. त्या सुयांना छोट्या रंगीत मुठी असतात, पांढरी, पिवळी, लाल, निळी, स्पंजवर ओळीने खोचून ठेवलेल्या. रंग म्हणजे जाडीचा नंबर, पुढचा रंग आला की नळी थोडी रुंद झाली. एक वायर ओठाला अडकवली होती, सुई मुळाच्या टोकाशी पोचली की मशीन टीं टीं करायचं, त्यावरून लांबी कळते आणि एक्स-रेने परत बघतात. खालच्या या दाढेत साधारण तीन नळ्या असतात, कधी चार. मधेमधे औषधाने धुतात, त्याला नळाच्या पाण्यातल्या ब्लीचिंग पावडरसारखा वास येतो. शेवटी रबरासारखं गटापर्चा भरून नळ्या बंद. दुखलं म्हणाल तर भूल देताना टोचलं तेवढंच, नंतर दोन-तीन दिवस चावताना ठणकायचं. पण एक आहे, नस फार तापलेली असेल तर भूल लवकर चढत नाही, अशा वेळी सहन करत बसू नका, हात वर करा, अजून एक इंजेक्शन देतात.

आणि रूट कॅनॉल झालं म्हणजे काम झालं नाही, ही गोष्ट सगळ्यात जास्त लोक चुकतात. दाढ आतून कोरलेली असते, भिंती पातळ झालेल्या, तिच्यावर कॅप बसली पाहिजे. आमच्या शेजारच्या काकांनी पैसे वाचवायला कॅप पुढे ढकलली, दुखत नव्हतंच, पाच महिन्यांनी भडंग खाताना एक शेंगदाणा आला आणि दाढ मुळापर्यंत उभी चिरली. उभी चिरलेली दाढ वाचत नाही. म्हणजे रूट कॅनॉलचे पैसे पण गेले आणि दाढ पण गेली. कॅपमध्ये नुसती धातूची, धातूवर सिरॅमिक, आणि झिरकोनिया असे प्रकार. मागच्या दाढेला दिसण्याचा प्रश्न नसेल तर धातूची टिकायला उत्तम आणि स्वस्त, सिरॅमिकचा टवका कधी उडतो, झिरकोनिया मजबूत पण महाग. माझी धातूवर सिरॅमिकची, ऊस सोडून सगळं खातो. रूट कॅनॉलवाली दाढ कायमची अमर असंही नाही हां, कॅपच्या कडेला परत कीड लागू शकते आणि नस नसल्यामुळे ती दुखून सांगणार नाही, म्हणून वर्षातनं एकदा दाखवायचं. थोड्या जणांचं आतलं इन्फेक्शन परत उठतं, मग पुन्हा उघडून करावं लागतं.

पैशाचं बोलू. साधी दाढ काढणं शेकड्यात होतं, रूट कॅनॉल चार आकडी, आणि कॅपचे पैसे वेगळे. ते विचारूनच घ्या, "यात कॅप धरली का" हा एक प्रश्न बसायच्या आधी विचारायचा. पहिल्या दिवशीचं बिल बघितलं तर काढणं स्वस्तच दिसणार. पण काढलेल्या जागी परत दात बसवायचा म्हटलं तर हिशोब उलटा होतो, आणि आत्याला मला हेच सांगायचं होतं, तुलना काढणं विरुद्ध रूट कॅनॉल अशी नाहीच, काढणं अधिक नवीन दात बसवणं विरुद्ध रूट कॅनॉल अधिक कॅप अशी आहे.

नवीन दात बसवायचे तीन प्रकार. काढता-घालता येणारा, सगळ्यात स्वस्त, रात्री काढून पाण्यात ठेवायचा. आईने तो करून घेतला होता, महिनाभर वापरला, आता कपाटात डबीत आहे. मागच्या एका दाढेसाठी तो बऱ्याच जणांना तोंडात बोजड वाटतो. ब्रिज म्हणजे रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूचे दात घासून बारीक करायचे आणि तिघांची मिळून एक जोडकॅप. पंधरा दिवसांत काम होतं, घट्ट बसतं, पण शेजारचे दात चांगले धडधाकट असतील तर त्यांना घासायचं माझ्या जिवावर येतं. ते आधीच किडलेले, भरलेले असतील तर मात्र ब्रिज चांगला.

आणि इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू. शेजारच्या दातांना हात लागत नाही आणि खऱ्या दाताच्या जवळात जवळ हेच. याला वेळ का लागतो तर टायटॅनियम आणि हाड एकमेकांत घट्ट जुळावं लागतं. स्वीडनचे संशोधक ब्रॉनेमार्क यांना हे १९५०च्या दशकात सशाच्या हाडावर काम करताना लक्षात आलं, बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण हाडातून निघेचना, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात दातासाठी ते वापरलं. तर साधारण तीन ते सहा महिने थांबून मग वरची कॅप. खर्च एका दाताला पाच आकडी. हाड कमी असेल तर आधी हाड भरावं लागतं, तो खर्च अजून वेगळा, आणि दात काढल्यावर तिथलं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. म्हणजे इम्प्लांट करायचं मनात असेल तर आठ वर्षं थांबून विचार करू नये, आईचं तसं झालंय.

एवढं सगळं वाचून वाटेल मी दाढ काढायच्या विरोधातच आहे. तसं नाही. दाढ हलतीय, भोवतीचं हाडच गेलंय, मूळ उभं चिरलंय, किंवा कीड हिरडीच्या इतकी खाली गेलीय की कॅप धरायला काही उरलं नाही, अशा दाढेवर रूट कॅनॉल करणं म्हणजे पैसे पाण्यात. अक्कलदाढ वाकडी येऊन सारखी सुजत असेल तर तीही काढलेलीच बरी. आणि अगदी शेवटची दाढ काढली तर तिच्या जागी दुसरी बसवायची बऱ्याचदा गरजही पडत नाही. म्हणून डॉक्टरांना एक्स-रे समोर धरून सरळ विचारायचं, ही दाढ कॅप पेलेल का? तुमच्या तोंडात असती तर काय केलं असतं? दोन ठिकाणी विचारलं तरी कोणी रागवत नाही, एक्स-रे मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.

आत्याला शुगर आहे. तिला वाटत होतं शुगर असली की दाढ काढताच येत नाही. शुगर आटोक्यात असेल तर काढताही येते, रूट कॅनॉलही होतं, वाढलेली असेल तर मात्र जखम भरायला वेळ लागतो आणि इन्फेक्शनची भीती, म्हणून आधी तपासणी. उपाशी जायचं नाही, नाष्टा आणि रोजच्या गोळ्या घेऊनच जायचं. घरात कोणाला रक्त पातळ व्हायच्या गोळ्या असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका, दातांच्या आणि हार्टच्या दोन्ही डॉक्टरांना सांगा. हाडं ठिसूळ झाल्याची औषधं चालू असतील तर तेही सांगायचं, काही औषधांनी दात काढल्यावर जबड्याची जखम भरत नाही.

मशेरीचं पण बोललोच. आत्या दिवसातनं तीनदा लावते, आपल्याकडच्या कितीतरी बायका लावतात, दात घट्ट राहतात म्हणून. तो तंबाखूच आहे. हिरड्या खाली सरकतात, मुळं उघडी पडतात, आणि तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर दाढ राहू दे, ती आधी दाखवायची. हे मी तिला जरा आवाज चढवूनच सांगितलं.

पैशाची ओढाताण असेल तर सांगली-मिरज रोडला भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आहे. शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, पायरीपायरीला शिक्षक तपासतात, त्यामुळे बैठका जास्त होतात आणि अख्खी सकाळ जाते, पण खासगीपेक्षा खर्च कमी येतो. नोकरीवाल्याला ते जमत नाही, आत्याला जमतं.

बुधवारी तिला घेऊन गेलो. एक्स-रेत मुळाभोवती हाड चांगलं होतं, वरचा बराच भाग किडलेला पण कॅप धरायला भिंती होत्या. डॉक्टरांनी रूट कॅनॉल सांगितलं, पहिली बैठक झाली, त्या रात्री आत्या झोपली. पुढच्या बुधवारी दुसरी, आणि त्या दिवशी आई पण बरोबर येणार आहे, उतरलेल्या वरच्या दाढेचा एक्स-रे काढून घ्यायला.